जुनी बुलेट, नवी आर१५ आणि पंपावरचे तीन आकडे : कोणत्या इंजिनाला किती ऑक्टेन?

साताऱ्याहून आलेला प्रश्न असा आहे. प्रश्नकर्त्यांकडे २०१३ सालची, कार्ब्युरेटरची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, म्हणजे बोलीभाषेतली बुलेटच, आहे आणि वर्षभरापूर्वी त्यांनी तिला बाजारातला मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून घेतला आहे. मागे माणूस बसवून पसरणीचा घाट चढताना, विशेषतः दुपारच्या उन्हात, इंजिनातून कोरडी टकटक ऐकू येते. ९५ ऑक्टेनचे पेट्रोल भरले की ती बरीच कमी होते. तेव्हा कायम तेच वापरावे का, १०० ऑक्टेनचे त्याहून चांगले का, धाकट्या भावाच्या नव्या यामाहा आर१५ मध्ये काय भरावे आणि पुढच्या जूनमध्ये लडाखला जाताना वाटेत ९५ मिळाले नाही तर काय करावे, असे चार प्रश्न त्यांनी एकदम विचारले आहेत.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे विवेचन कशासाठी आहे ते लक्षात राहील. कंपनीने सांगितलेल्या ऑक्टेनवर जे इंजिन वर्षानुवर्षे निमूट चालत होते, ते आज त्याच दर्जाच्या पेट्रोलवर आवाज करू लागले असेल, तर त्याला वरच्या ऑक्टेनची नव्हे, तपासणीची गरज आहे. महाग पेट्रोलाने आवाज थांबतो हे खरे. पण त्यामुळे आवाजाचे कारण तसेच राहते आणि ते राहिल्याचे कळतही नाही.

ऑक्टेन हे पेट्रोलाच्या ताकदीचे किंवा शुद्धतेचे माप नाही. दाब आणि उष्णता वाढत असताना, ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधी आपणहून पेट न घेता किती वेळ तग धरता येते, त्याचे ते माप आहे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठरलेल्या या मोजपट्टीवर आयसो-ऑक्टेनला १०० आणि सहज पेटणाऱ्या एन-हेप्टेनला शून्य असे स्थान दिलेले आहे. एखादे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे आहे याचा अर्थ असा की, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) कमीजास्त करता येणाऱ्या एका ठरावीक चाचणी-इंजिनात ते ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागते. आपल्या पंपांवर लिहिलेला आकडा ‘रॉन’ (रिसर्च ऑक्टेन नंबर) पद्धतीचा असतो. अमेरिकेत रॉन आणि ‘मॉन’ (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन पद्धतींची सरासरी पंपावर लिहितात, त्यामुळे तिथले ८७ हे आपल्याकडच्या ९१-९२ च्या जवळपास येते. परदेशी व्हिडिओत कोणी ८७ चे पेट्रोल भरताना दिसले, तर तिथे हलके पेट्रोल चालते असा अर्थ काढू नये.

इंजिनात नेमके काय होते तेही पाहू. पिस्टन वर येत असताना ठिणगी पडते, ज्योत प्लगपासून कडेच्या दिशेने पसरू लागते आणि पुढे सरकताना समोरच्या न जळलेल्या वायूला आणखी दाबत व तापवत जाते. सगळे ठीक असेल तर ज्योत कडेपर्यंत पोहोचून तो शेवटचा भागही शांतपणे जाळते. पेट्रोलाची तग धरण्याची क्षमता अपुरी पडली, तर कोपऱ्यातला हा शेवटचा भाग ज्योतीची वाट न पाहता एकदम पेटतो, दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात आणि आपल्याला टकटक ऐकू येते. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनच्या डोक्यावर एरवी वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो आणि तोच ॲल्युमिनियमला ज्योतीच्या तापमानापासून वाचवतो. नॉकिंगच्या लाटा हा थर विस्कटून टाकतात. म्हणूनच सतत नॉक मारणाऱ्या इंजिनाचा पिस्टन काढला की कडेला उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे दिसतात आणि पुष्कळदा रिंगांच्या मधली भिंत तुटलेली असते.

यावरून कॉम्प्रेशन रेशो जास्त असेल तर जास्त ऑक्टेन लागते, हा सर्वांना ठाऊक असलेला नियम निघतो. नियम बरोबर आहे, पण एकट्याने तो फार फसवतो. स्प्लेंडरचे कॉम्प्रेशन दहाच्या आसपास आहे आणि ती गाडी गावोगावी साध्या पेट्रोलवर कुरकुर न करता चालते. उलट कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आल्यानंतरच्या ५०० सीसी बुलेटचे कॉम्प्रेशन साडेआठच्या आसपासच होते; तरीही चढावर इंजिन कोंडून चालवले की त्या गाडीच्या नॉकिंगची तक्रार स्प्लेंडरपेक्षा जास्त ऐकू येत असे. फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासात, आहे. स्प्लेंडरचा बोअर ५० मिलिमीटर, त्या बुलेटचा ८४. ज्योतीला जितके अंतर कापायचे, तितका वेळ कोपऱ्यातल्या वायूला तापत बसावे लागते. आपल्या ३५० च्या इंजिनात दोन प्लग दिलेले आहेत, त्यामागचे एक कारण हेच आहे : दोन बाजूंनी ज्योत निघाली की अंतर कमी होते. याखेरीज हवेने थंड होणारे इंजिन की पाण्याने, ज्वलनकक्षाचा आकार कसा, मिश्रण किती दाट, ठिणगी किती आधी पडते, या सगळ्यांचा हिशेब कंपनीने केलेला असतो आणि त्याचे फलित म्हणून मॅन्युअलमध्ये एक आकडा छापलेला असतो. कॉम्प्रेशनवरून ऑक्टेन काढण्याचे तक्ते इंटरनेटवर फिरत असतात. मॅन्युअल हाताशी असताना त्या तक्त्यांचा काही उपयोग नाही.

आता पेट्रोलाकडे वळू, कारण गेल्या काही वर्षांत खरा गोंधळ तिथेच झाला आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार बीएस-२ (‘भारत स्टेज’ हे वाहनांच्या धुराचे सरकारी निकष) च्या काळात साध्या पेट्रोलाचे रॉन ८८ होते, बीएस-४ मध्ये ते ९१ झाले आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यानंतर ते ९५ वर गेले आहे. इथेनॉलचे स्वतःचे रॉन १०८ च्या आसपास असते, त्यामुळे हे अपेक्षितच होते. म्हणजे आपल्या गाडीत आज जाणारे साधे पेट्रोल, ती २०१३ मध्ये शोरूममधून बाहेर पडली तेव्हाच्या पेट्रोलापेक्षा ऑक्टेनमध्ये वरचढ आहे. असे असूनही तिला टकटक होते, एवढ्या एका गोष्टीवरून दोष ऑक्टेनच्या कमतरतेत नसावा असा तर्क करता येतो.

मात्र इथेनॉलची दुसरी बाजू आपल्या गाडीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. साध्या पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनाला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ पट. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. त्यामुळे जुन्या पेट्रोलासाठी जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र) बसवलेल्या कार्ब्युरेटरमधून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल गेले की मिश्रण आपोआप पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला ते समजण्याचा काही मार्ग नाही. आपण त्यावर मोकळा सायलेन्सर बसवला आहे. त्याने इंजिनाचा श्वास बदलतो आणि जेट तेच ठेवले तर मिश्रण बहुधा आणखी पातळ होते. जोडीला जास्त हवा सोडणारा एअर फिल्टरही बसवला असेल तर बोलायलाच नको. पातळ मिश्रण जास्त तापते. हवेने थंड होणारे, मोठ्या बोअरचे, मागे माणूस बसलेले इंजिन घाटात कमी वेगाने चढत असते तेव्हा त्याच्यावरून वाराही पुरेसा वाहत नाही. या परिस्थितीत टकटक झाली नसती तरच नवल.

आणखी एक बारकावा. इथेनॉल रॉन जितके वाढवते, तितके मॉन वाढवत नाही. रॉनची चाचणी मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आणि तुलनेने थंड हवेवर होते, तर मॉनची ९०० फेऱ्यांवर आणि मिश्रण १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून. तापलेले, ओझ्याखालचे इंजिन दुसऱ्या चाचणीला जवळचे असते. त्यामुळे फलकावरचा आकडा वाढला म्हणजे भर दुपारच्या घाटातली तग धरण्याची क्षमताही तितकीच वाढली, असे समजू नये.

आवाज खरोखर नॉकिंगचाच आहे का, याची खात्री आधी करावी. आपल्या इंजिनातले टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) हायड्रॉलिक, म्हणजे ऑईलच्या दाबावर चालणारे, आहेत. ऑईल कमी किंवा फार पातळ झाले की तेही खडखडतात, पण तो आवाज गाडी उभी असतानाही फेऱ्यांबरोबर ऐकू येतो. नॉकिंग फक्त ओझ्याखाली येते : चढावर थ्रॉटल पिळला की सुरू होते आणि सोडला की त्याच क्षणी थांबते. आपल्या वर्णनावरून हे नॉकिंगच वाटते.

मग तपासणी कुठून सुरू करावी? मी कार्ब्युरेटर आणि हेड (सिलिंडरचा वरचा झाकणासारखा भाग) यांना जोडणाऱ्या रबरी नळीपासून सुरुवात करेन. दहा-बारा वर्षांच्या गाडीत ती नळी कडक होऊन तिला चिरा पडलेल्या असतात, क्लिप सैल असते आणि तिथून आत ओढली जाणारी जादा हवा कोणत्याच जेटच्या हिशेबात नसते. चालू इंजिनावर त्या जागी पेट्रोल शिंपडून पाहण्याची आपल्याकडच्या गॅरेजांतली पद्धत धोक्याची आहे. गाडी थंड असताना नळी काढावी, बोटांनी वाकवून उजेडात धरावी. चीर असेल तर दिसते. ती नवी बसवायला फार खर्च येत नाही. त्यानंतर कार्ब्युरेटर उघडून जेट स्वच्छ करावेत आणि आतला रबरी पडदा फाटला नाही ना ते पाहावे. सायलेन्सर बदललाच आहे, तर मेन जेट एक क्रमांक वरचा बसवून प्लगचा रंग पाहावा : चढावर काही किलोमीटर पूर्ण ओझ्याखाली चालवून, तिथेच इंजिन बंद करून काढलेला प्लग पांढराफटक असेल तर मिश्रण अजून पातळ आहे, विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. प्लग दोन्ही काढून पाहावेत, आणि दोन्ही खरोखर ठिणगी देतात का तेही. एक प्लग मेलेला असला तरी ही गाडी चालत राहते आणि मालकाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. प्लग कंपनीने सांगितलेल्या क्रमांकाचाच असावा. जास्त गरम जातीचा प्लग स्वतःच निखाऱ्यासारखा होऊन वेळेआधी मिश्रण पेटवू शकतो.

एवढे करूनही आवाज राहिला तर कार्बन. पिस्टनच्या आणि हेडच्या आतल्या बाजूला साचलेला थर जागा व्यापून कॉम्प्रेशन किंचित वाढवतो आणि तापलेला राहून मिश्रणालाही तापवतो. गाडी ऑईल पीत असेल, म्हणजे सकाळी सुरू करताना किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा पिळताना निळसर धूर दिसत असेल, तर कार्बन लवकर साचतोच, शिवाय ज्वलनकक्षात शिरलेले ऑईल मिश्रणाचे ऑक्टेन प्रत्यक्षात खाली ओढते. तेव्हा हेड उतरवून साफ करणे आणि व्हॉल्व्हचे सील बदलणे हा उपाय आहे.

चालवण्याच्या सवयीबद्दलही बोलले पाहिजे, आणि बुलेटप्रेमींना ते सहसा रुचत नाही. कमी फेऱ्यांवरचा तो संथ ठोका ऐकण्यासाठी चढावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण पिळून गाडी रेटणे, हे नॉकिंगला आमंत्रण आहे. फेऱ्या कमी असल्या की कोपऱ्यातल्या वायूला तापायला अधिक वेळ मिळतो. एक गिअर खाली घेतला, फेऱ्या वाढू दिल्या आणि थ्रॉटल कमी पिळला, तर पुष्कळदा त्याच टाकीतल्या पेट्रोलावर आवाज नाहीसा होतो.

९५ च्या पेट्रोलाने आवाज का कमी झाला, हे आता सांगता येईल. पंपावरचा आकडा हा किमान हमीचा आकडा असतो, त्यामुळे त्या विशिष्ट पेट्रोलात ऑक्टेन थोडे जास्त असू शकते. साध्या पेट्रोलाची ती टाकीच कुठेतरी भेसळीची निघाली असेल, हेही शक्य आहे. रॉकेलचे ऑक्टेन अतिशय कमी असते आणि थोड्याशा मिसळीनेही नॉकिंग वाढते. संशय आल्यास पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनतेची तपासणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तो न लाजता वापरावा. शिवाय ‘पॉवर’, ‘स्पीड’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या पेट्रोलांमध्ये इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती उपयोगी असली तरी त्यांचा ऑक्टेनशी संबंध नाही. ९५ चे पेट्रोल आपल्या गाडीला कसलीही इजा करणार नाही; जास्त ऑक्टेन म्हणजे हळू जळणारे आणि म्हणून कार्बन करणारे, हा समज निराधार आहे. इथेनॉलचेच उदाहरण घ्या : ऑक्टेन उंच, तरी ज्योत मंद नाही. प्रश्न फक्त पैशाचा आहे. वर्षाला १०,००० किलोमीटर आणि ३५ चे ॲव्हरेज धरले तर सुमारे २८५ लिटर लागतात. लिटरमागे सात-आठ रुपये जास्त म्हणजे वर्षाला दोन हजारांच्या वर, आणि इंजिनातला दोष जागच्या जागी. दुरुस्ती होईपर्यंत घाटाच्या दिवशी ९५ भरणे मात्र शहाणपणाचे आहे, कारण चालू नॉकिंगने होणारे नुकसान त्याहून महाग पडते.

१०० ऑक्टेनबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. इंडियन ऑईलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी१०० आणले, पहिल्या शहरांत मुंबई-पुणे होतेच, आणि तेव्हाच त्याचा दिल्लीतला भाव लिटरला १६० रुपये होता. त्याचा खरा उपयोग फार उंच कॉम्प्रेशनच्या आणि त्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या इंजिनांना आहे. कॉम्प्रेशन १३ असलेल्या कावासाकी झेडएक्स-१०आर सारख्या सुपरबाइकचे मॅन्युअलसुद्धा ९५ च मागते. ज्या इंजिनाला नॉकिंग होतच नाही, त्याला वरच्या ऑक्टेनने ना ताकद मिळते ना ॲव्हरेज. नॉकिंग ओळखून ठिणगी गरजेप्रमाणे आधी पाडू शकणारी यंत्रणा इंजिनात असेल तरच त्या जादा क्षमतेचा फायदा उचलता येतो. तशी नॉक सेन्सरची सोय आपल्या क्लासिकमध्ये नाही.

भावाच्या आर१५ चे कॉम्प्रेशन ११.६ आहे, म्हणून तिला ९५ हवेच असे मित्रमंडळी सांगत असतील. पण बोअर ५८ मिलिमीटरचा, इंजिन पाण्याने थंड होणारे आणि पेट्रोल इंजेक्शनने मोजून जाणारे. या तिन्ही गोष्टी त्या आकड्याची धार कमी करतात. आपल्या बाजारासाठीच्या अशा गाड्या देशभर जे साधे पेट्रोल मिळते त्यावर चालतील, अशाच बेताने जुळवलेल्या असतात. टाकीच्या झाकणाजवळचे लेबल आणि मॅन्युअलचे पान पाहावे, तिथे असेल तेच भरावे. ट्रॅकवर नेणार असेल तर त्या दिवशी ९५ भरायला हरकत नाही.

पेट्रोलात डांबरगोळ्या टाकण्याचा जुना उपाय कोणी सुचवला तर ऐकू नये. त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलात नॅफ्थलीनने थोडाफार फरक पडत असेलही. आजच्या पेट्रोलात तो पडत नाही, आणि पेट्रोल उडून गेल्यावर जेटमध्ये त्याचे स्फटिक मात्र राहतात. बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरपेक्षा निम्मी टाकी ९५ ने भरणे स्वस्त आणि भरवशाचे आहे. दोन पेट्रोले मिसळली की ऑक्टेन साधारण मधले येते.

राहिला लडाखचा प्रश्न. याबाबत लोकांची भीती नेमकी उलट्या जागी असते. उंचीवर हवेचा दाब घटतो, सिलिंडरमध्ये कमी हवा भरते, दाब आणि तापमान दोन्ही कमी राहतात आणि इंजिनाची ऑक्टेनची गरज उतरते. खारदुंग ला सुमारे साडेसतरा हजार फुटांवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. अमेरिकेतल्या पर्वतीय राज्यांत तर ८७ च्या जागी ८५ चे पेट्रोल याच कारणाने विकले जाऊ लागले. लडाखमध्ये आपल्या गाडीला त्रास होईल तो मिश्रण दाट होण्याचा : काळा धूर, मंद पिकअप, काळवंडलेले प्लग. तेवढ्यासाठी जेट कायमचा लहान करून घेऊ नये, कारण खाली उतरल्यावर तोच जेट मिश्रण पातळ करील. स्वच्छ एअर फिल्टर आणि जवळ दोन जादा प्लग ठेवले तरी निभावते. नॉकिंगची खरी कसोटी जातानाच्या मैदानी टप्प्यात आहे. जूनमधले राजस्थान, पाठीवर सामान, मागे माणूस, दुपारची वेळ. त्या पट्ट्यात मोठ्या शहरांतून ९५ मिळत असेल तर भरावे, पहाटे निघून दुपारी थांबावे आणि मनालीच्या पुढे ऑक्टेनचा विचार करणे सोडून द्यावे.